डावीकडून पहिला शिंपला

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर गावातलं कुणीतरी सांगेलच. काकवीच्या बरणीवर मी बाहेरून कोळशाने खूण करून ठेवते. पाद्रीबुवा प्रवचनात ‘आपल्यातले काही जण’ म्हणाले की ते कुणाकडे बघून म्हणाले हे मी मान वळवून बघते. माझा नवरा जेरेड म्हणतो, “डॉर्कस, तू स्वर्गात पोचलीस तर दारावरच्या देवदूतालाच विचारशील, ही किल्ली तुझीच कशावरून?” विचारेनच. का नाही विचारायचं?

पण ही हकिकत माझी नाही, माझ्या सासूबाईंची आहे. हल्डा टटल. सगळा गाव त्यांना हल्डामावशी म्हणायचा. कनेटिकटच्या आमच्या टापूत घरोघरी पत्र्याचं काम चालतं, आणि त्या सगळ्या घरांत फुलं काढावीत तर हल्डामावशींनी, असं लोक म्हणायचे. पत्रा कापणं, वळवणं, डाख लावून जोडणं हे पुरुषांचं. त्यावर काळं रोगण चढवून भट्टीत सुकवणं हे आमच्या घरात माझं. आणि मग त्या काळ्याभोर डब्यावर लाल फूल, हिरवी पानं, कडेने पिवळे फटकारे, हे सासूबाईंचं. बाराव्या वर्षी त्यांनी कुंचला धरला. खारीच्या शेपटीचे केस बांधून स्वतः केलेला. सासरे गेले तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. त्यांना पुरून आल्या, काळी टोपी खुंटीला लावली आणि किटल्या पुऱ्या करायला बसल्या. फेरीवाला दुसऱ्या दिवशी निघणार होता ना. त्या रडल्या कधी, हे मला माहीत नाही. मातीचा आखूड पाईप ओढायच्या आणि बोलायच्या कमी.

फटकारा म्हणजे काय ते सांगते. कुंचला टेकवायचा, दाबायचा, ओढायचा आणि उचलायचा. डोकं जाड, शेपटी केसाएवढी. एका दमात. पुन्हा हात फिरवायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरून मला शिकवायचा प्रयत्न केला. पंधरा दिवसांनी मनगट सोडलं आणि म्हणाल्या, “भट्टी छान सांभाळतेस गं तू.” कळलं मला काय ते.

त्यांच्यासमोर, फुलं काढायच्या लांब फळीच्या पलीकडे बसायची लोवीसा पार्डी. तिशी उलटलेली, लग्न न झालेली, आमच्याकडेच राहायची. तिला मागे एक भाऊ, तोही दोन गावं सोडून पलीकडे, पोराबाळांनी गांजलेला. सासूबाईंनी तिला आठ वर्षं मनगट धरून शिकवलं होतं. दोघींची फुलं शेजारी ठेवली तर मला सांगता येत नसे कुठलं कुणाचं. मी रंग बघायची. लाल जागच्या जागी, हिरवं जागच्या जागी, झालं. जेरेड तर फुलाकडे बघायचाच नाही. तो डबा उलटा करून जोड बघायचा.

आता १८२४च्या एप्रिलमधलं सांगते. लोवीसाची भावजय बाळंत होणार म्हणून ती दोन दिवस भावाकडे गेली होती. ओबेद फेरीवाला गाडी भरायला येणार होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे चिकट रोगण, चिंध्या, पाईपची राख. मी म्हटलं, आता पुरे. सगळं झाडलं, घासलं, फुलांची फळी गरम पाण्याने खरवडून काढली, रंग ज्यांत भरतो ते शिंपले उचलले, फळी कोरडी करून पुन्हा मांडले. लख्ख. स्वतःवर खूश होते मी.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सकाळपासून दोन डझन तबकं फुलवली. ओबेद आला, मी ऐटीत दार उघडलं. ओबेदने तबकं पाहिली आणि तो खो खो हसत सुटला.

“वहिनी, ही काय नवी टूम? हिरवं फूल आणि लाल पानं?”

चोवीसच्या चोवीस. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. परक्या माणसासमोर, त्या हसऱ्या टोणग्यासमोर, मी ओरडले. “आई, डोळे आहेत का भोकं? दिसत नाही तर सांगायचं तरी!” सासूबाई तबकाकडे बघत राहिल्या. मग कुंचला तेलात बुडवून पुसला आणि माझ्या हातात दिला. “राहू दे आता,” म्हणाल्या. बस, एवढंच.

जेरेडने त्यांना खिडकीपाशी नेलं, लाल दोरा दाखवला, हिरवा दाखवला. दोन्ही तपकिरी, म्हणाल्या. मोतीबिंदू. त्या दिवसापासून हल्डामावशींना आम्ही चुलीशेजारच्या खुर्चीत बसवलं. त्या मोजे विणायला लागल्या. एक पाय लाल, एक तपकिरी. जेरेड तेच घालून चर्चला जायचा, आईने विणलेत म्हणून. मी त्याला काही बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं मला, पण तेव्हा ते कळलं नव्हतं.

जूनमध्ये सासूबाई म्हणाल्या, “मंगळवारी आणि गुरुवारी मी जात जाईन म्हणते, ब्रॉन्सनबाईंकडे. गोधडी शिवायला बायका जमतात.”

मी म्हटलं, “जा की.” आणि मी स्वतःला संशयी म्हणवते! जिला लाल-हिरवं ओळखू येत नाही ती बाई आठवड्यातून दोनदा गोधडी शिवायला जाते, आणि मला काही वाटलं नाही. कारण खरं सांगू? ती खुर्ची दोन दिवस रिकामी असली की मला बरं वाटायचं. त्या काही बोलत नसत, नुसत्या बसत. ते बसणं मला टोचायचं.

सप्टेंबरमध्ये ओबेद पुन्हा आला. चिंध्या, पिसं, मेणाच्या ढेपी असलं काय काय बदल्यात गोळा केलेलं उतरवलं आणि शेवटी सदऱ्याखालून एक चहाचा डबा काढून माझ्यापुढे धरला.

“हा कुणाचा, वहिनी?”

“आमचा. कुणाचा म्हणजे? फूल आमचं दिसत नाही का?”

“तेच म्हणतो मी. डोंगरापलीकडे एका घरात मिळाला. बाई म्हणाली, वाइल्डरांच्या फेरीवाल्याकडून घेतला.”

वाइल्डर म्हणजे आमच्यापासून दीड मैलावरचं घर. काम आमच्यासारखंच, फेरीवाले आमच्याच वाटांनी जाणारे. जेरेडने डबा घेतला, उलटा केला, जोडावरून अंगठा फिरवला. “पत्रा वाइल्डरचा. घडी बाहेरून आहे. मी आतून घालतो.”

पत्रा त्यांचा आणि फूल आमचं! फुलाच्या पोटात पांढरा चंद्रकोरीसारखा फटकारा, तो तर फक्त टटलांच्या घरातला. तो हात या जगात दोनच बायकांचा होता. एकीला रंग दिसत नाहीत, आणि या डब्यावर लाल ते लाल, हिरवं ते हिरवं, एकही चूक नाही. मग उरलं कोण?

मी लोवीसाकडे बघितलं. तिनं डबा हातात घेतला, फुलावरून न टेकवता बोट फिरवलं आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला तिच्या. मी मनात म्हटलं, सापडलीस बयो.

“ओळखीचं वाटतं का गं?” मी विचारलं.

“चांगला हात आहे,” ती म्हणाली आणि डबा खाली ठेवला. घाईने ठेवला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. ती जेवल्यावर फिरायला जायची, तर मी मागच्या कुंपणापर्यंत जाऊन बघायची कुठल्या बाजूला वळते. तिच्या नखांत रंग आहे का बघायची. रंगवालीच्या नखांत रंग असणारच, पण मला त्यातला वाइल्डरांचा रंग दिसायचा. ती चर्चमध्ये असीनथ वाइल्डरला मान तुकवायची. मला त्या मान तुकवण्यातसुद्धा निरोप दिसायचा. ही असीनथ वाइल्डरांची सून, लहानपणी तीही सासूबाईंच्याच हाताखाली शिकलेली, तो हात मात्र तिला कधी साधला नाही. म्हणजे सगळं जुळतंच की! घरचा नमुना बाहेर विकणं ही आमच्याकडे केवढी मोठी गोष्ट आहे हे पत्र्याचं काम न केलेल्याला कळणार नाही. असल्या बाईला पुढे चार गावांत कुणी फळीशी, म्हणजे कामाला, बसू देत नाही. हे लोवीसालाही ठाऊक होतं. तरी तिनं हे केलं, असं मला वाटत होतं, आणि त्यामुळे मी जास्तच पेटले होते.

एका गुरुवारी सासूबाई गोधडीला गेल्या, जेरेड कोळसा आणायला गेला, लोवीसा विहिरीवर होती. मी माडीवर गेले आणि तिची पेटी उघडली.

काय होतं त्यात? दोन झगे, एक हिवाळी शाल, आईचं बायबल, भावाच्या पोरांसाठी विणलेल्या टोप्या. आणि तळाशी घडी घातलेला एक कागद. कागदावर ओळीने पाच गोल काढलेले, प्रत्येकाखाली शाईने शब्द. लाल. हिरवा. पिवळा. पांढरा. निळा. बाजूला फटकारे, आमचे, पांढऱ्या चंद्रकोरीसकट.

ती दारात उभी होती. बादलीतलं पाणी पायावर सांडत होतं.

“हा काय आहे?” मी कागद नाचवला. “वाइल्डरांना द्यायचा नकाशा?”

“माझी पेटी आहे ती, वहिनी.”

“माझं घर आहे हे! सांग, डबा तू रंगवलास की नाही?”

“नाही.”

“मग कुणी?”

गप्प. मी तीनदा विचारलं, तीनदा गप्प. निष्पाप माणूस ओरडेल, भांडेल, शपथ घेईल. मी तर घर डोक्यावर घेतलं असतं. ही नुसती उभी. मी म्हटलं, आजच्या आज निघ. तिनं पेटी भरली. टोप्यांच्या घड्या मी विस्कटल्या होत्या, त्या तिनं बसून पुन्हा घातल्या. माझ्यासमोर, एकेक.

जाताना ती म्हणाली, “मावशींना सांगा, भावाकडे गेलेय, भावजय आजारी आहे. खरं-खोटं काही सांगू नका त्यांना.” मग मागे वळून म्हणाली, “आणि वहिनी, तो डबा पुन्हा बघा कधीतरी. रंग सोडून बघा.”

मला वाटलं, मला शिकवतेय चोरटी.

सासूबाईंना मी तसंच सांगितलं. “कधी येणार ती?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. गावात मात्र मी तोंड आवरलं नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या बायकोला सांगितलं, म्हणजे आठवड्यात सगळ्यांना सांगितल्यासारखंच झालं. ओबेदला सांगितलं, म्हणजे चार गावांना. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं त्यांच्या कानावर ते सगळ्यांत शेवटी येतं, तसं वाइल्डरांना काहीच कळलं नाही. सासूबाईंना कुणी सांगायला धजावलं नाही.

लोवीसा जाऊन बारा दिवस झाले आणि ओबेद दुसरा डबा घेऊन आला. मी वास घेतला. रोगण ताजं होतं, बोट लावलं तर चिकटत होतं. चार-पाच दिवसांचं काम. फूल आमचं.

“बघितलंस?” मी जेरेडला म्हटलं. “भावाकडे गेलीय म्हणे! सरळ तिकडेच जाऊन बसलीय.”

“डॉर्कस, कशाला डोकं—”

“तू जोड बघ. बाकीचं मी बघते.”

मंगळवार होता. सकाळचं ऊन छान पडलं होतं, मॅपलची झाडं लाल झाली होती, आणि मी ती दीड मैलाची वाट तोंडाने काय काय बोलत तोडली. लोवीसाला काय म्हणायचं, असीनथला काय म्हणायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. दार वाजवलं नाही. सरळ मागे गेले आणि त्यांच्या कारखान्याचं दार ढकललं.

“कुठाय ती? लोवीसा कुठाय?”

खिडकीशी फुलांची फळी होती. फळीशी माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

तोंडात पाईप, डाव्या हातावर चहाचा डबा, उजव्या हातात कुंचला. समोर ओळीने पाच शिंपले. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा, निळा. तोच क्रम. त्या कागदावरचा. त्यांनी डाव्या करंगळीने पहिला शिंपला चाचपला, कुंचला त्यात बुडवला आणि फटकारा ओढला. एका दमात. डोकं जाड, शेपटी केसाएवढी, आणि अगदी टोकाला जरा डावीकडे वळलेली. तरुणपणी तापलेल्या डाखेने त्यांचा अंगठा भाजला होता, तो पुरता वळत नसे, म्हणून त्यांच्या प्रत्येक फटकाऱ्याची शेपटी तशी वळायची. त्या दोन्ही डब्यांवर ती वळलेलीच होती. मी बघितलीच नव्हती. लग्नापासूनची सात वर्षं मी नुसते रंग बघत आले होते.

असीनथ उठून उभी राहिली. “डॉर्कस, बस ना. सायडर देते.”

“आई,” मी म्हटलं, “तुम्ही गोधडी शिवायला जाता ना?”

“दिसत नाही मला, गोधडी कसली शिवते?” सासूबाई म्हणाल्या. पाईप काढून बाजूला ठेवला. “तुला वाटलं नाही कधी?”

नव्हतं वाटलं. 

“पण रंग...” मी म्हटलं. “तुम्हाला रंग दिसत नाहीत. तबकं...”

“चार वर्षं दिसत नव्हते, डॉर्कस. तबकांच्या आधीची चार वर्षं. एक चूक दाखव त्या चार वर्षांतली.” त्यांनी करंगळी पहिल्या शिंपल्यावर ठेवली. “डावीकडून पहिला लाल. दुसरा हिरवा. लोवीसा रोज सकाळी भरायची, जागा न हलवता. तिला मी सांगितलं नव्हतं, तिनंच ओळखलं. कागदावर लिहून ठेवलं होतं पोरीनं, चूक नको म्हणून. ती भावाकडे गेली आणि तू फळी पुसलीस.”

मी फळी पुसली होती. गरम पाण्याने. शिंपले उचलले होते आणि हाताला येतील तसे पुन्हा मांडले होते, लाल दुसरा, हिरवा पहिला. आणि स्वतःवर खूश झाले होते. मग ओबेदसमोर ओरडले होते, डोळे आहेत का भोकं. असीनथने मागे स्टूल सरकवलं आणि मी बसले.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत मला?”

“तू विचारलंस कुठे? तू ओरडलीस. आणि सांगायचं काय? की मी आंधळी झालेय, तरी बसू दे? असीनथ जूनमध्ये आली. तिनं विचारलं, मावशी, काय काय लागेल तुम्हाला? मी म्हटलं, पाच शिंपले, आणि ते कुणी हलवायचे नाहीत.”

 मग सासूबाईंची मान वर आली.

“तू आत येताना काय ओरडलीस? लोवीसा कुठाय म्हणून? ती भावाकडे आहे ना?”

आता मला सांगावंच लागलं. पेटीबद्दल, कागदाबद्दल, डीकनच्या बायकोबद्दल, ओबेदबद्दल. सांगताना असीनथने तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी कुंचला तेलात बुडवला, पुसला आणि बाजूला ठेवला. 

“तिला विचारलंस आणि ती बोलली नाही?”

“नाही.”

“मीच घातली होती शपथ. जूनमध्ये. डॉर्कसला कळलं तर ही फळीपण जाईल म्हणून.” त्यांनी डबा खाली ठेवला, हळूच, फूल ओलं होतं म्हणून. “तिनं माझी फळी वाचवली, आणि तू तिची काढून घेतलीस. चार गावांत. डॉर्कस, मी तुझ्यावर रागावले नव्हते. एप्रिलमध्येसुद्धा नाही. आज रागावलेय.”

त्या आवाज न चढवता बोलल्या, आणि मी लहान पोरीसारखी रडले. वाइल्डरांच्या कारखान्यात, शत्रूच्या घरात.

रविवारी चर्चमध्ये मी उभी राहिले. आमच्याकडे आता ही रीत मागे पडत चाललीय. हल्ली लोक पाद्रीबुवांना खासगीत गाठतात. पण सासूबाई म्हणाल्या, “बोललीस सगळ्यांसमोर, तर फेडायचंही सगळ्यांसमोर.” पाद्रीबुवांनी माझा कबुलीचा कागद वाचला, मधल्या वाटेत उभं राहून मी ऐकला. मी परक्याची पेटी उघडली, खोटा आळ घेतला, तो गावभर पसरवला. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. पायात एक लाल मोजा, एक तपकिरी. मागच्या बाकावरून कुणी तरी खाकरलं, आणि मी पहिल्यांदाच मागे वळून बघितलं नाही.

सोमवारी जेरेडने गाडी जुंपली. लोवीसाच्या भावाचं घर डोंगराच्या कुशीत आहे. ती अंगणात मका सोलत बसली होती, पोरं अंगावर लोंबकळत होती. मला बघून उठली नाही. मी सगळं सांगितलं. वाइल्डरांची फळी, चर्च, सगळं. ती सोलत राहिली.

“मावशी कुठे बसतायत आता?” तिनं विचारलं.

“मंगळवार-गुरुवार वाइल्डरांकडे. त्यांची दोन डझन तबकं अर्धवट आहेत, टाकून कशी येऊ म्हणाल्या. बाकीचे दिवस घरी. फळी तशीच ठेवलीय. शिंपल्यांना हात लावत नाही मी.” मग मी म्हटलं, “ओबेदने आणलेला डबा आईंचा, हे तुला बघताक्षणीच कळलं होतं ना?”

“शेपटीवरून.”

“आणि तरी गप्प बसलीस. मी तुला चोर म्हटलं तरी.”

“तुम्ही म्हणाल ते मला सोसवेल असं वाटलं होतं. त्यांना फळीवरून दुसऱ्यांदा उठवलेलं मला बघवलं नसतं.” कणीस टोपलीत टाकलं तिनं. “पण सोसवलं नाही, वहिनी. इथे आल्यावर दोन घरी विचारलं मी. फुलं काढता येतात म्हटलं. त्यांनी नाव विचारलं आणि दार लावलं.”

मी माफी मागितली. ‘असू दे’ असं काही ती म्हणाली नाही. “मावशींचे शिंपले कोण भरतं?” म्हणाली. मी म्हटलं, जेरेड. ती चटकन हसली, तिचं तिलाच हसू आलं. “तो पिवळ्यात तेल जास्त घालेल.” आणि आत जाऊन पेटी भरायला लागली.

त्यानंतर सव्वा वर्ष हल्डामावशी फुलं काढत होत्या, दोन्ही घरांत. वाइल्डर आणि टटल यांची फुलं एकसारखी कशी, म्हणून फेरीवाले भांडत, आणि जेरेड म्हणे, भांडू देत. फेब्रुवारीत एक दिवस सकाळी त्या फळीशी बसल्या, करंगळीने पहिला शिंपला चाचपला आणि म्हणाल्या, “आज नको वाटतंय गं.” आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर नेलं. तीन दिवसांनी गेल्या. लोवीसाने शवपेटीत त्यांचा कुंचला त्यांच्या हाताशी ठेवला. पाद्रीबुवांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लोवीसा अजून आमच्याकडेच आहे. आता तीच नव्या मुलींची मनगटं धरते. माझ्याशी नीट बोलते, हसते, मी आजारी पडले तर पेज करून आणते. पण त्या सोमवारी आम्ही तिला घेऊन आलो ना, तेव्हा जेरेडने पेटी स्वयंपाकघरात उतरवली, तर तिनं ती तिथेच उघडली. झाकण पूर्ण मागे टाकलं आणि बाजूला झाली.

“बघून घ्या, वहिनी,” म्हणाली. “मग वर नेते.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं. मी झाकण लावायला गेले, हातच उचलेना. जेरेडने लावलं.

तिनं पेटी वर नेली आणि खोलीत नेऊन पुन्हा उघडली. तेव्हापासून ती पेटी कधी बंद नसते. आता नऊ वर्षं झाली. मी माडीवरून जाताना त्या खोलीचं दार उघडं असतं, झाकण मागे टाकलेलं असतं, टोप्यांच्या घड्या वरच दिसतात. मी त्या दारापाशी आले की खाली बघत पुढे जाते.